नरोलीच्या पुलापर्यंत

आमच्या नात्यात एक गोष्ट सांगितली जाते. आई सिल्वासाच्या हॉस्पिटलात अखेरची पडली होती आणि बंगळूरची मुलगी दिवसभर ‘निघाले, बसले, उतरले, आलेच’ असं कळवत राहिली. प्रत्यक्षात ती आपल्या घरातून हललीसुद्धा नव्हती. ही गोष्ट मी लग्नात ऐकली आहे, बारशात ऐकली आहे. ती मुलगी माझी आणि ती आई म्हणजे माझी बायको. गोष्ट खोटी आहे. ती मी रचली, आणि ती खोटी आहे हे इतकी वर्षं मला एकट्याला ठाऊक होतं. म्हणून आता पहिल्यापासून लिहितो.

माझी सगळी नोकरी इथे सिल्वासाच्या प्रशासनात, हिशेब शाखेत झाली. कोकणातून आलो तेव्हा दोनेक वर्षांत बदली मागून परत जायचा विचार होता; निवृत्त इथेच झालो. माझ्या टेबलावर प्रवासभत्त्याची बिलं यायची. दौऱ्यावर गेलेला माणूस कुठून कुठे गेला, कशाने गेला, अंतर किती, हे तपासायचं आणि जास्तीचे किलोमीटर कापायचे, हे माझं काम. नियम असा की अंतर जवळच्या मार्गाचं धरायचं. सुरंगीच्या शाळेतले एक मास्तर एकदा बिल घेऊन भांडायला आले. “साहेब, ओढ्याला पाणी होतं. वळसा घालून आलो. उडत यायला हवं होतं का?”

मी म्हणालो, “उडत आला असतात तर आणखी कमी भरलं असतं.”

शाखेतले सगळे हसले आणि मी त्यांचा वळसा कापला.

त्या कामाने मला एक खोड लागली. दोन गावांमधलं अंतर म्हणजे कागदावर बसतो तो आकडा, असं मला मनापासून वाटायचं. माणूस वाटेत किती ताटकळला, कुठे अडकला, त्याचं बिल होत नाही. मुंबई ते दिल्ली, मुंबई ते गोवा, सगळी अंतरं आणि विमानाचा वेळ मला पाठ होता. स्वतः मी विमानात कधी बसलो नव्हतो.

मुलीचं बंगळूरला जमलं तेव्हा बायको नाराज होती. “इतक्या लांब कशाला?”

“लांब कुठे? मुंबईहून पावणेदोन तास. माझ्या गावी जायला एसटीत अख्खी रात्र काढावी लागते.”

“मुंबईहून म्हणता. आपण मुंबईत राहतो का?”

तिचं खरं होतं. सिल्वासात विमानतळ नाही आणि रेल्वे स्टेशनही नाही. गाडी धरायची तर वापी गाठायची, विमान धरायचं तर मुंबई नाहीतर सुरत. तरी इथे कुणालाही विचारा, तो अंतर वापीपासून सांगतो. घरातून वापीपर्यंतचा रस्ता, फाटकावरचे आणि पुलावरचे खोळंबे, कुणी मोजत नाही. इथे राहून राहून ती सवयच होते. मी तर त्याच्यावर नियमाचा शिक्का मारलेला माणूस.

‘पावणेदोन तास’ हा आमच्या घरात माझा शब्द झाला. मुलीची आठवण येऊन बायको गप्प बसली की मी तो म्हणायचो. मुलीच्या बाळंतपणाला बायको जावयाबरोबर विमानाने जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, “बसायला पावणेदोन तास खरे. पण आदल्या दिवसापासून जीव टांगलेला असतो त्याचं काय?” मी हसलो.

मग तिला हृदयाचा त्रास सुरू झाला. मुलीचं म्हणणं होतं की दोघांनी बंगळूरला यावं, तिथे उपचार करू. मी नाही म्हणालो. इथे घर आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत, आणि वेळ पडली तर तू आहेसच पावणेदोन तासांवर.

एका दिवाळीच्या आधी बायकोला रात्रीतून दम लागला आणि मी घाबरून मुलीला फोन केला. ती मिळेल त्या विमानाने आली. दुपारी दारात टॅक्सी थांबली तेव्हा बायको पलंगावर बसून चहात खारी बुडवून खात होती.

“अगं, तुला कुणी बोलावलं?” ती म्हणाली.

मुलगी हसली, आईच्या गळ्यात पडली. पण निघायच्या दिवशी अंगणात माझ्याशी बोलताना तिचा चेहरा उतरलेला होता. “बाबा, पुढच्या वेळी आधी डॉक्टरांशी नीट बोलून घ्या ना. लेकराला शेजारी ठेवून आले मी. ऑफिसात काय सांगायचं तेही सुचलं नाही.”

“पावणेदोन तासांचा तर प्रश्न.”

“पावणेदोन? बाबा, मी पहाटे अंधारात घर सोडलं होतं.”

“पण हवेत किती वेळ होतीस?”

तिने बॅग उचलली. मग टॅक्सीत बसली. तिच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. मला मात्र ते लागलं. बिल नामंजूर करणारा मी. आपलंच बिल कुणी परत पाठवल्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी अगदी खात्री झाल्याशिवाय हिला फोन करायचा नाही, असं मी तिथे अंगणातच ठरवलं.

ती वेळ पुढच्या उन्हाळ्यात आली. बायकोला हॉस्पिटलात ठेवून चार-पाच दिवस झाले होते. सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तरुण होते, नीट बोलायचे. “काका, हृदय थकलंय. आम्ही करतोय ते करतोयच, पण ज्यांना बोलवायचं असेल त्यांना आज बोलवून घ्या.”

यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? मी व्हरांड्यात गेलो, मोबाईलवर मुलीचं नाव काढलं आणि उभा राहिलो. मनात आलं, ही मुलाला शाळेत सोडायची वेळ. मग वाटलं, दुपारपर्यंत बघू. गेल्या खेपेसारखी ही उठून बसली तर? दुपारी फोन केला तरी संध्याकाळपर्यंत येईल. पावणेदोन तास. मी मोबाईल खिशात ठेवला. एवढंच झालं. पुढचं सगळं त्यातून झालं.

दुपारी बायकोने डोळे उघडले. बोलताना तिला धाप लागत होती. “तिला कळवलंत?”

मी म्हणालो, “कळवलं.”

“येतेय?”

“निघालीसुद्धा.”

तिच्या कपाळावरची आठी मोडली. ते पाहून मला बरं वाटलं, हे मला इथे लिहिलं पाहिजे. आता बाहेर जायचं आणि खरोखरच फोन करायचा, असा माझा विचार होता. थोडं मागेपुढे होईल, कुणाच्या लक्षात येणार?

मी दारापर्यंत गेलो तर समोरून आक्का येत होती. आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, डहाणूची. तिचा मुलगा तिला गेटवर सोडून गाडी लावायला गेला होता. तिने पहिला प्रश्न तोच विचारला. “भावोजी, पोरीला कळवलंत ना?”

आत बायको ऐकत होती. मी म्हणालो, “निघालीय ती.”

“विमानानं?”

“मग काय बैलगाडीनं?”

आक्का हसली. पलंगाशी स्टूल ओढून बसली, बहिणीचा हात हातात घेतला आणि मग तिथून उठलीच नाही. मी व्हरांड्यात जायला वळलो की म्हणायची, “बसा हो भावोजी, किती येरझाऱ्या घालता.” एकदा गेलो तर तिचा मुलगा व्हरांड्यात बाकावर बसलेला. त्याच्यासमोर फोन कसा करणार? पण हे सगळं मी नंतर शोधलेलं आहे. करायचाच असता तर आवारात जाऊन करता आला असता. मला भीती वाटत होती ती वेगळीच. मुलगी विचारणार, डॉक्टर हे कधी बोलले? आणि मला ‘सकाळी’ म्हणावं लागणार. जसजसा वेळ जात होता तसतसं ते उत्तर जड होत होतं.

मधेच बायको विचारायची, “कुठे आली?”

मी सांगायचो. मला सगळं पाठ होतं. बंगळूरचा विमानतळ शहरापासून दूर आहे, तेव्हा आधी तिला तिथे पोचवली. मग आत घेतली. मग विमानात बसवली.

“खिडकीशी जागा मिळाली का?” बायकोने विचारलं.

“मिळाली.”

“मग झोपेल. लहानपणापासून तिला खिडकीशी झोप लागते.”

आक्का म्हणाली, “लावा हो फोन, मी दोन शब्द बोलते.”

“विमानात फोन बंद ठेवायला लागतो, आक्का.”

“उतरल्यावर लावा मग. नाहीतर नंबर तरी द्या तिचा. माझ्याकडे जुनाच आहे.”

“देतो,” म्हणालो आणि दिला नाही.

तिथे एक खानदेशी आयाबाई होती, तिचा नवरा दोऱ्याच्या कंपनीत कामाला. चादर बदलायला आली की तीही विचारायची, “बाबा, ताई उनी का?” म्हणजे आली का. एकीकडून दुसरीकडे गेली की तिकडच्या नर्सलाही सांगायची, सात नंबरच्या आजींची मुलगी विमानात आहे. तासाभरात सगळ्या वॉर्डाला ठाऊक झालं. समोरच्या पलंगावरच्या गुजराती बाईंच्या सुनेने मला विचारलं, “काका, बेन मुंबई उतऱ्यां?” मी म्हणालो, “हमणांज.” आत्ताच.

मुंबईला उतरवल्यावर पुढचा रस्ता तर माझ्या हातचा होता. किती बिलं मी त्या रस्त्यावर कापली होती. विमानतळावरून टॅक्सी केली. वर्सोव्याच्या खाडीपुलावर ट्रक अडकलेत, म्हणून उशीर. मग विरार फाटा, मग मनोर. आक्काने पुन्हा फोन मागितला तेव्हा म्हणालो, तिची बॅटरी संपत आलीय, मधूनमधून मेसेज टाकतेय.

“शिकलेल्या पोरी आणि जवळ चार्जर नाही!” आक्का बहिणीला म्हणाली. “बघ, तुझीच लेक. तू स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या कपाटात विसरून हॉलवर गेली होतीस.”

बायको हसली. आवाज आला नाही, पण हसली. शेवटचं तेव्हाच हसली.

संध्याकाळ झाली. चारोटी झाली, तलासरी झाली. मला दर वेळी वाटायचं, आता ही झोपेल, मग मी बाहेर जाईन. पण ती झोपत नव्हती. सगळा जीव गोळा करून दाराकडे बघत होती. डॉक्टर येऊन गेले, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. पुढचं गाव कुठलं म्हणून ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचो.

“भिलाड आलं,” मी म्हणालो.

भिलाडला हायवे सोडायचा आणि नरोलीवरून सिल्वासा. हे इथल्या पोराटोराला ठाऊक असतं. बायकोने हात हलवला. आक्काला कळेना तिला काय हवंय. मला कळलं. ती डोक्याकडे बोट करत होती.

“केस,” ती म्हणाली. “विंचरा. पोर येतेय. अशी बघितली तर घाबरेल.”

मी पिशवीतून कंगवा काढला, पाण्यात बुडवला. मी आयुष्यात कधी तिचे केस विंचरले नव्हते. मागचे केस गुंतलेले होते ते तसेच ठेवले, पुढून भांग पाडला. वाकडा पडला म्हणून पुन्हा पाडला. आक्का पदराने डोळे पुसत होती. “द्या इकडे भावोजी, मी विंचरते,” म्हणाली. मी दिला नाही.

कंगवा ठेवल्यावर बायकोने विचारलं, “पूल आला?”

नरोलीचा पूल म्हणजे दमणगंगा ओलांडली की आपण घरी. माहेरी येताना मुलगी दर वेळी तिथून फोन करायची, ‘आई, पुलावर आलेय, चहा टाक.’

“पुलावरच आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे आलीच,” ती म्हणाली आणि डोळे मिटले. त्या दिवसात पहिल्यांदा तिने दारावरून नजर काढली.

तेव्हा मी बाहेर गेलो. आवारात पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून फोन केला. मुलीने लगेच उचलला. मागे नातवाचा आवाज येत होता, काहीतरी मोठ्याने वाचत होता. मी म्हणालो, “आई सीरियस आहे. ये.”

“कधीपासून?”

“आत्ताच झालं.”

“निघतेच,” ती म्हणाली. एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही.

मी परत आलो तर आक्का दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. आत आयाबाई बायकोची हनुवटी रुमालाने बांधत होती.

आक्काने पहिलं रडून घेतलं. मग म्हणाली, “पुलावर होती ना पोर? मग अजून कशी आली नाही?”

आमच्यात प्रवासात असलेल्या माणसाला मृत्यू फोनवर सांगत नाहीत. ‘सीरियस आहे, ये’ एवढंच सांगतात. तेव्हा पुढच्या काही तासांत मुलीचे फोन आले, ‘आता कशी आहे?’ आणि मी ‘आहे तशीच’ म्हणालो, त्यात आक्काला वावगं काही दिसलं नाही. पण पुलावरून हॉस्पिटलात यायला रात्र लागत नाही. ती विचारत राहिली. तिचा मुलगा म्हणाला, “मी जाऊ का गाडी घेऊन पुलावर? काही झालं नाही ना?” तो किल्ली घेऊन उठलाच.

मी म्हणालो, “जाऊ नकोस. ती तिथे नाही.”

“म्हणजे?”

“आत्ता सांगितलं मला तिनं. विमान चुकलं होतं तिचं. घरीच होती. दिवसभर मला निघाले, पोचले म्हणत होती.”

हे मी बोललो. बायकोचा देह आत होता आणि तिच्या मुलीबद्दल मी हे बोललो. आधी ठरवलं नव्हतं. पण दिवसभर बोललेलं सगळं कुणाच्या तरी अंगावर जाणार होतं, आणि मी ते माझ्या अंगावर येऊ दिलं नाही. आक्का बाकावर बसली. मग म्हणाली, “माझ्या बहिणीनं तिच्यासाठी केस विंचरून घेतले.”

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिला टॅक्सीतून उतरतानाच अंगणातली माणसं दिसली आणि ती तिथेच खाली बसली. मी तिला उठवायला पुढे होईपर्यंत आक्का तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आलीस? पूल सापडला का गं अखेर?”

मुलीने वर पाहिलं. “कुठला पूल, मावशी?”

“वा! कुठला पूल!”

“मावशी, मला कळलं तशी निघाले.”

“कळलं तशी?” आक्काने माझ्याकडे पाहिलं. अंगणात वीसेक माणसं असतील. मला दोन शब्द बोलायचे होते. ‘मीच सांगितलं नव्हतं.’ मी म्हणालो, “आक्का, आता तो विषय नको.”

“तुम्ही लाड करून ठेवलेत, भावोजी,” आक्का म्हणाली आणि आत गेली. माझ्या त्या वाक्याने सगळ्यांना वाटलं की बाप मुलीवर पांघरूण घालतोय.

दहाव्यानंतर मुलीने मला विचारलं, “बाबा, मावशी पुलाचं काय म्हणत होती?” मी म्हणालो, वय झालंय तिचं, दुःखात काहीतरी बोलली. मुलीने मान डोलावली. पुढे आक्काच्या नातीच्या लग्नाची पत्रिका बंगळूरला गेली नाही. मग बाकीच्यांचीही जाईनाशी झाली. मुलगी वर्षातून एकदा येते, दोन दिवस राहते, कुणाकडे जात नाही. एकदा मला म्हणाली, “मीच मागे म्हटलं होतं ना तुम्हाला, उगाच बोलावलं म्हणून. त्याचंच हे झालं. मला जरा आधी कळलं असतं तर.” मी तिच्या ताटात भात वाढला.

गेल्या पावसाळ्यात आक्का वारली. खरं सांगतो, बातमी कळली तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी पलंगाशी बसून सगळं ऐकणारी तीच होती. मी तेराव्याला डहाणूला गेलो. जेवणाच्या पंगतीत आक्काचा मुलगा घरात नव्याने आलेल्या सुनेला कौतुकाने आईच्या आठवणी सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, “आईला खोट्याची चीड फार. माझी एक मावसबहीण आहे बंगळूरला. तिची आई मरणाला टेकलेली आणि ही फोनवर सांगतेय, पुलावर आहे. होती घरातच! आमची आई मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही.”

सून म्हणाली, “बाई गं. असं कसं करवतं?”

त्या सुनेने माझ्या मुलीला कधी पाहिलेलं नाही. उद्या तिला मुलं होतील, ती त्यांना सांगेल. मी हातातली पुरी खाली ठेवली. तरी तिथे बोललो नाही. घरी आलो आणि शेजाऱ्याच्या मुलाकडून बंगळूरचं तिकीट काढून घेतलं.

ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. पहाटे सिल्वासा सोडलं, नरोली, भिलाड, तलासरी, मनोर, वर्सोव्याच्या पुलावर खरोखरच ट्रक अडकलेले. विमानतळावर रांगा, बूट काढा, पट्टा काढा, बसून राहा. उतरल्यावर पुन्हा शहर संपेचना. मुलीच्या दारात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. हवेत होतो ते पावणेदोन तास. माझं पाठांतर बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी जावई आणि नातू बाहेर गेल्यावर मी तिला सांगितलं. ती दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सकाळच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली आणि व्हरांड्यात आक्काला काय म्हणालो तिथपर्यंत सांगत गेलो; वाटेतली गावं तेवढी गाळली. ती घड्या घालत राहिली. सगळे कपडे संपल्यावर हात मांडीवर ठेवून बसली.

“मला त्या दिवशी सुट्टी होती, बाबा,” ती म्हणाली. “दुपारी मी झोपले होते.”

मी घड्यांची चळत सरळ केली.

“आई गेली तेव्हा तिच्या मते मी कुठे होते?”

“नरोलीच्या पुलावर.”

“हां. तो पूल.” मग तिने विचारलं, “आणि तिचे केस? तिचा भांग पाडलेला होता. मला वाटलं नर्सनं केलं असेल.”

“मी विंचरले. भिलाड आलं म्हणालो तेव्हा तिनं सांगितलं.”

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नातू शाळेतून आला तेव्हा बाहेर आली, त्याला खायला दिलं. संध्याकाळी माझ्यासमोर माझं परतीचं तिकीट ठेवलं, दुसऱ्याच दिवशीचं. मी आठवडाभर राहायच्या तयारीने गेलो होतो.

“मावशीकडच्यांना सांगा,” ती म्हणाली. “सगळ्यांना. पण लिहून सांगा. तोंडी सांगायला गेलात की समोरचा माणूस बघून बदलाल तुम्ही.”

“माफ कर म्हणायला आलो होतो.”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली.

परत येताना टॅक्सी भिलाडला वळली तेव्हा अंधार पडायला आला होता. दमणगंगेच्या पुलावर आलो आणि माझा मोबाईल वाजला. तिचा फोन होता.

“कुठे पोचलात?”

“पुलावर आहे,” मी म्हणालो. “नरोलीच्या.”

 

“फोटो पाठवा,” ती म्हणाली.

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. “काका, यहाँ ब्रिज पे नहीं रोक सकते,” तो म्हणाला, पण कडेला घेतली. मी उतरलो. खाली नदी, पलीकडे कंपन्यांचे दिवे. कठडा आणि नदी दोन्ही येतील असा फोटो काढला. अंधुक आला म्हणून पुन्हा काढला आणि तिला पाठवला. तिने पाहिल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. मागून ट्रक हॉर्न देत होते. मी गाडीत बसलो.